तीन दरपत्रकं

नवऱ्याची सारी नोकरी कारखान्याच्या खरेदी विभागात झाली. तो निवृत्त झाला, पण विभाग काही निवृत्त झाला नाही. तो घरी राहायला आला. पायपुसणं घ्यायचं तरी तीन दुकानांची दरपत्रकं, त्यांचा तुलनातक्ता आणि खाली शेरा. पायपुसण्यापर्यंत बाईंनी सोसलं.

बाई पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या शब्दसूच्या करून देत. कोणता शब्द कोणत्या पानावर, एवढंच काम. पण आकडा चुकला की वाचक हत्ती शोधायला जातो आणि त्याला मुंगी भेटते. आजवर हे हाताने, कार्डांवर चाले. आता प्रकाशकाने सांगून टाकलं होतं, “नमुना कॉम्प्युटरवर करून आज संध्याकाळपर्यंत पाठवा. जमला तर कीटकांवरच्या पुस्तकांची सगळी मालिका तुमची. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल.”

कॉम्प्युटर नवा होता. त्याच्याबरोबर लिहायचं, तक्ते करायचं सॉफ्टवेअर महिनाभर वापरून बघायला मिळालं होतं. तेवढ्या मुदतीत कोणतं विकत घ्यायचं ते ठरवायचं होतं, आणि ठरवायचं काम अर्थातच खरेदी विभागाने उचललं.

सकाळी बाईंनी अर्धी झालेली सूची उघडली. वाचता येत होती, पण एक अक्षर हलवता येईना. वर लाल पट्टी: मुदत संपली.

“अहो, इकडे या जरा!”

नवरा चष्मा पुसत आला. त्याने इथे टिचकी मारली, तिथे मारली आणि एकदम दचकला. “अगं, माझाही तक्ता अडकला की!”

“कसला तक्ता?”

“कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, त्याचा. ह्याच्यातच तर करत होतो.”

बाईंनी कपाळावर हात मारला. महिनाभर हा माणूस ज्या दुकानात बसून चौकशा करत होता, त्या दुकानानेच शटर ओढलं होतं.

“मग महिनाभरात ठरलं काय?”

“एक दरवर्षी पैसे मागतं. म्हणजे आपल्याच घरात आपण भाडेकरू. दुसरं एकदाच घ्यायचं, पण पाहुण्यांना सांगता येणार नाही एवढं महाग. तिसरं दरपत्रक यायचंय.”

“लेक म्हणत होती ते फुकटातलं?”

“त्याला दरच नाही. दर नाही तर दरपत्रक कसलं? तक्त्यात बसत नाही ते.”

“तक्ता तरी आता कुठे उघडतोय!”

“चिडू नकोस. घाईत घेतलेली वस्तू डोक्याला ताप होते.”

“इथे न घेताच झालाय!”

नवरा शांतपणे बाहेरच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने त्याचा फोनवरचा आवाज आला: “दर तोंडी नको हो, शिक्का मारून द्या.” शिक्का! बाईंच्या डोळ्यांसमोर फुलपाखरांची, भुंग्यांची, वाळवीची सगळी पुस्तकं एकामागून एक दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर जाऊन बसली.

त्यांनी दार लोटून घेतलं आणि लेकीला फोन लावला. लेक सांगत गेली, बाई दाबत गेल्या. फुकटातलं ते सॉफ्टवेअर मुकाट्याने उतरलं, मुकाट्याने उघडलं. सूचीही उघडली, फक्त शेजारी शेजारी मांडलेले दोन रकाने घसरून एक लांबलचक शेपूट झालं होतं. “आई, रकाने परत पाड, मजकूर जागेवर येईल,” लेक म्हणाली. बाईंनी पाडले. मग उरलेली सूची पुरी केली, एकेक आकडा पुस्तकाशी ताडून पाहिला. जेवण राहिलं. बाहेर ऊन भिंतीवरून उतरत होतं तेव्हा नमुना गेला.

अंधार पडायच्या आत प्रकाशकाचा फोन आला. बाई नुसत्या “हो, हो” म्हणत होत्या. नवरा दारात येऊन उभा.

“काय म्हणाला?”

“पहिली तीन पुस्तकं उद्या पाठवतोय.”

“कशात केलंस?”

“फुकटातल्यात.”

“मला न विचारता?”

“विचारलं होतं. तुम्ही शिक्क्याच्या मागे होतात.”

नवरा पुढे येऊन पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला. काहीतरी खोट सापडेल अशी त्याला आशा असावी. ती सापडेना, तेव्हा त्याने हळूच बाईंचा हात माऊसवरून उचलला.

“फुकटचं आहे गं,” तो कळकळीने म्हणाला, “बिघडलं तर बदलून कोण देणार? जरा जपून वापर.”