गुणाजीचा बांगडा

नवे पैसे नुकतेच आले होते; म्हातारे जुनेच होते. मुलुंडच्या त्या वृद्धाश्रमात ते वर्षभर पातळ आमटी-भातावर असत आणि पितृपक्षात खीर-वड्यांवर. श्राद्धाला ब्राह्मण मिळेनासे झाले होते; मिळालाच तर त्याला कचेरी गाठायची असे. म्हाताऱ्यांना कुठेच जायचे नव्हते. तेव्हा पितरांच्या नावाने त्यांना जेवू घालायचे आणि शेवटी प्रत्येकाने "तृप्त झालो" म्हणायचे, अशी सोय व्यवस्थापक भाऊंनी करून दिली होती. तेवढे म्हणवून घेणे हे मालनचे मुख्य काम. म्हाताऱ्यांना उठवणे, न्हाऊ घालणे, ओल्या चादरी धुणे ही किरकोळ कामेही तीच करी.

त्या दिवशी वसुधाबाईंच्या सासऱ्यांची तिथी होती. सगळे तृप्त झाले. एकजण तर खीर वाढायच्या आधीच झाला. राहिला गुणाजी. गिरणीत हयात घालवलेला मालवणचा माणूस. आता खाटेवरून उतरवून पंगतीत टेकवावा लागे.

"गुणाजीनू, म्हणा," मालन म्हणाली.

"माका बांगडो व्हयो. पयलो बांगडो, मगे काय ता म्हणतंय."

वसुधाबाईंचा चेहरा उतरला. सासरे जाताना काहीतरी मागत होते. काय, ते कोणी थांबून ऐकले नव्हते. "मामंजीच अडून बसलेत हो, भाऊ!"

"कावळा पिंडाला शिवला नाही तर काय करतात? शब्द द्यायचा," भाऊ म्हणाले.

वसुधाबाईंनी हात जोडले. "देईन बांगडा. अगदी नक्की."

"तृप्त झालंय," गुणाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने खीर सोडली. पोटात बांगड्याला जागा हवी म्हणून. मालन चादर बदलायला आली की तो विचारी, "इली गे ती?"

"येतली."

वाट पाहून शेवटी मालनच वसुधाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अगं, वेडी का तू? कावळ्याला दिलेला शब्द कोणी पाळतं का? आमच्याकडे कांदासुद्धा शिजत नाही." मग त्या प्रेमाने म्हणाल्या, "पण म्हातारा गुणी हो. कुंदाताईंना मी त्याचंच नाव सांगितलंय. अडून बसला ना, की पितर खरंच आल्यासारखं वाटतं."

कुंदाताईंनीही शब्द दिला. मृणालिनीबाईंनी तर दोन बांगड्यांचा दिला. गुणाजी तृप्त होत गेला आणि वाळत गेला.

तेव्हा मालनने आपल्या खोलीवर बांगडा भाजला आणि डब्यात घालून आणला. वासानेच गुणाजीने डोळे उघडले, मग तोंड उघडले. वास भाऊंनाही आला.

"एक घास खाऊ द्या, भाऊ. म्हातारा जाईल हो."

"जाईल ना. पण सर्वपित्रीला पाच घरांची पंगत आहे. आज ह्याचं पोट भरलं तर तेव्हा अडून कोण बसणार? तू?" भाऊ रागावले नव्हते. ते कधीच रागावत नसत. "मांजराला घाल. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मालनने बांगडा मांजराला घातला. मांजराने कुणाकडून शब्दबिब्द घेतला नाही. ते खाटेखालीच बसून काटे फोडत राहिले. गुणाजी ऐकत होता.

सर्वपित्रीला तो अडला नाही. कोणी विचारायच्या आतच "तृप्त झालंय" म्हणाला. पाचही घरांचा विरस झाला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

दहावा नेमका दसऱ्याला आला. भाऊंना सोनं वाटायला जायचे होते, गुरुजींना दोन कारखान्यांत यंत्रपूजा होत्या. पवईच्या तळ्याकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून बघत राहिले.

"शब्द दे," भाऊ मालनला म्हणाले.

"बांगडो देतंय, गुणाजीनू. शिवा."

एकही हलला नाही.

"दोन म्हण."

मालन पिंडापासून मागे सरली. गुरुजींनी घड्याळ पाहिले, दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला शिववला. काम झाले.

परतताना भाऊ म्हणाले, "त्याच्या खाटेवरची चादर बदल. संध्याकाळी नवा येतोय. धाकू म्हणून आहे, वेंगुर्ल्याचा. मुद्दाम तिकडचाच शोधलाय."

"मासे खातो?" मालनने विचारले.

"आतापर्यंत खात होता," भाऊ म्हणाले.