टेपवरची सळसळ

सकाळचे ऊन त्या दुकानात कधीच एकदम शिरत नसे. आधी ते समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला लागे, मग उतरत उतरत वरच्या मजल्याच्या काचेवर येई, आणि त्या काचेने परतवलेला एक फिकट, उसना तुकडा रस्ता ओलांडून दाराशी पडे. तिथे तो बराच वेळ रेंगाळे. आत यावे की न यावे, अशा संकोचात असल्यासारखा. मग फरशीवरून सरकत, स्टुलाचा एक पाय चढून, खालच्या फळीवर उभ्या रचलेल्या रेकॉर्डांपर्यंत पोहोचे आणि त्यांच्या अरुंद पाठींवरची पुसट अक्षरे एकेक करून उजळत जाई. धुळीचे कण त्यात तरंगत, खाली बसायची काही घाई नसल्यासारखे. त्या उजेडात सुंदर म्हणावे असे काहीच नव्हते. जुन्या पुठ्ठ्यांचा रंग त्याने अधिकच उडालेला दिसे, काउंटरवरचे ओरखडे अधिक खोल वाटत. तरीही सुई रोज स्टुलावर बसून त्याची वाट पाही, आणि तो तुकडा विरून साधा, सगळ्यांचा दिवस होईपर्यंत हलत नसे.

सुई हे त्याचे नाव नव्हे. तरुणपणी तो बॅंडांचे रेकॉर्डिंग करी, तेव्हा गाण्यातली बारीकशी चूकही टोचून दाखवी, म्हणून पोरांनी ते नाव चिकटवले आणि ते केस पिकल्यावरही सुटले नाही.

अलीकडे या वेळी रस्त्यावर मोठी शांतता असे. चिमण्या समोरच्या तारेवर पूर्वीसारख्याच बसत, चोचीही उघडत, पण त्यांचा कलकलाट काही होत नसे. शहराने आता पाखरांचीही तोंडे बंद केली, असे तो म्हणे, आणि हे वाक्य आपल्याला सुचले याचे त्याला थोडे समाधानही वाटे.

"चहाचं पाणी झालं तुझ्या!" जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून ताई म्हणाली. दोघे भावंडे दुकानाच्या वरच राहत. "तीनदा हाक मारली. भिंतीला मारली असती तर तिनेसुद्धा वळून बघितलं असतं."

"ओरडतेस कशाला? इथेच तर आहे."

"न ओरडता सांगून झालं, बाबा."

वय झाले की माणसे कर्कश होतात, असे त्याने ताईपुरते ठरवून टाकले होते. त्याने कप घेतला.

"आज ठरवायचेत ना तुझे बारा?" ताईने विचारले.

"अकरा ठरले. बाराव्याचं काय ठरवायचं? तो पहिल्या दिवसापासून ठरलेलाच आहे."

वाचनालयाने नवा श्रवणकक्ष बांधला होता. तिथे एका काचेच्या कपाटात इंडी रॉकचे बारा अत्यावश्यक अल्बम कायमचे राहणार होते. बड्या कंपन्यांच्या दारात उभे न राहता, भाड्याच्या खोल्यांत, उसन्या वाद्यांवर, पोरासोरांनी स्वतःच्या हिमतीवर केलेल्या त्या संगीतातले, जे ऐकल्याशिवाय बाकीचे कळणार नाही असे बारा. निवड कोणी करायची, यावर वाचनालयात फार चर्चा झाली नाही. शहरात त्या संगीताचा कान असलेला माणूस एकच होता.

त्याने डोळ्यांत तेल घालून काम केले होते. काउंटरवर डावीकडे निवडलेल्यांचा ढीग होता, उजवीकडे नाकारलेल्यांचा. उजवीकडचा ढीग पाहून त्याचे त्यालाच नवल वाटे. तळघरात गाणाऱ्या दोन बहिणींचा तो अल्बम, ज्यावर त्याने एकेकाळी शपथा घेतल्या होत्या, आता ऐकताना दाराआड वाजल्यासारखा दबलेला वाटला. काचेच्या रोपघरात एकट्याने सगळी वाद्ये वाजवणाऱ्या त्या माणसाचा अल्बम तर निव्वळ मेलेला. झांजा गेल्या, तारांची धार गेली. 'नव्या छपाईने सगळ्यांचा जीव घेतला,' असे म्हणत त्याने तो बाजूला टाकला. दरम्यान त्याने ग्रामोफोनची सुई बदलली, वायरी बदलल्या, स्पीकर दुरुस्तीला दिले. 'यात काही बिघाड नाही,' असे सांगून दुरुस्तीवाल्याने ते परत पाठवले, तेव्हापासून त्याने त्या माणसाचे नाव टाकले होते.

उरला तो बारावा. तो घोगऱ्याचा.

घोगऱ्या गायचा, सुई टेप सांभाळायचा. लॉंड्रीच्या वरची एक खोली, कुणीतरी टाकून दिलेले टेपयंत्र, आणि त्या यंत्राची अंगभूत सळसळ. पहिले गाणे सुरू होण्याआधी ती बराच वेळ एकटीच वाजे; खाली कुठेतरी इस्त्रीची वाफ सुटावी तशी. एक कंपनी अल्बम घ्यायला तयार झाली होती. 'तेवढी सळसळ पुसा, मग सही करू,' असे त्यांचा माणूस म्हणाला. सुई म्हणाला, पुसायची नाही. ती खोली आहे, ती काढली तर गाणे राहणार कुठे? घोगऱ्याने क्षणभर दोघांकडे पाहिले आणि कंपनीवर पाणी सोडले. पुढची सगळी वर्षे त्याने शाळेची बस चालवली. तो विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही. उशिरा का होईना, पोरांच्या एका पिढीला तो अल्बम सापडला, तोही सळसळीसकट, किंबहुना सळसळीमुळेच. आता एका लहानशा संस्थेने तो नव्याने छापला होता, आणि पहिली प्रत घेऊन घोगऱ्या आज येणार होता.

तो आला तेव्हा त्याच्यामागोमाग ग्रंथपाल बाईही आल्या. घोगऱ्याने बस चालवतानाचा कोटच घातला होता. त्याने पाकीट दोन्ही हातांनी पुढे केले.

"घे. घरी बायकोलासुद्धा दाखवली नाही अजून. आधी तुला."

"म्हणजे रात्री जेवायला मिळालं नसेल."

"मिळालं. पण वाढताना भांडी जरा जास्त वाजली."

ताई हसली. सुईने रेकॉर्ड ग्रामोफोनवर ठेवली. त्याची एक जुनी शिस्त होती. आवाजाचे बटण आधी शून्यावर न्यायचे, मग सुई अलगद टेकवायची, आणि ती खाचेत बसली की बटण सावकाश वर आणायचे, म्हणजे स्पीकरला धक्का बसत नाही. त्याने तसेच केले. चौघे उभे राहिले. रेकॉर्ड फिरत होती. सुईने मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या बाजूला. थोड्या वेळाने गिटारच्या जाड तारा वाजू लागल्या, तसा त्याने हात उचलला.

"सळसळ कुठाय?"

"म्हणजे?" घोगऱ्या म्हणाला.

"सळसळ. पुसलीस?"

"काहीतरीच काय! तीच टेप दिली मी. हातसुद्धा लावू दिला नाही कुणाला."

"मग गेली कुठे? चालत गेली?"

"अरे, आहे की."

"मला सांगतोस आहे म्हणून? मला?"

ग्रंथपाल बाई चाचरत म्हणाल्या, "सर, मला वाटतं... सुरुवातीला काहीतरी शूं असं येत होतं."

"बाई, तुम्ही पुस्तकांचं बघा. पुस्तकं वाजत नाहीत, तेच बरं आहे तुमचं."

बाईंचा चेहरा पडला. "शोभतं का हे?" ताई म्हणाली, पण सुईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याने रेकॉर्ड उचलून पाकिटात कोंबली.

"इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, एकच माणूस असा आहे की जो विकला गेला नाही. आणि तू म्हातारपणी, चार पोरांनी वाहवा करावी म्हणून... त्या कंपनीला तेव्हाच दिली असतीस तर काय बिघडलं असतं? निदान बसचं चाक तरी हातात आलं नसतं."

घोगऱ्याने कोटाचे एक बटण लावले, पुन्हा काढले.

"त्या सळसळीपायी मी काय सोडलं ते तुला माहितीये," तो शेवटी म्हणाला. आवाज नेहमीपेक्षाही घोगरा होता. "ती मी पुसेन? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"थांब. पुरावाच देतो."

जुनी, मूळ प्रत वर ताईच्या कपाटात, तिच्या शालींच्या घडीत असे. वर्षानुवर्षे ती कोणी वाजवली नव्हती. सुई दोन-दोन पायऱ्या चढत गेला आणि ती घेऊन खाली आला. त्याने बटण शून्यावर नेले, रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली आणि लगेच मागे वळला, कारण त्याला घोगऱ्याचा चेहरा पाहायचा होता.

रेकॉर्ड फिरू लागली.

आणि ती आली. सुईला ती आतून भरून आली. लॉंड्रीची वाफ, खिडकीचे फुटके तावदान, गाणे सुरू होण्याआधी श्वास रोखून उभी असलेली ती पोरे. किती दिवसांनी! त्याचे डोळे भरले.

"ही बघ," तो म्हणाला. "ही! हिला म्हणतात सळसळ. ऐका, बाई, तुम्हीही ऐका. आता कळला फरक?"

ग्रंथपाल बाईंनी ताईकडे पाहिले. ताई यंत्राकडे पाहत होती. तिने तोंड उघडले, तेवढ्यात घोगऱ्याने तिच्या मनगटावर हलकेच हात ठेवला.

"बास," सुई म्हणाला, आणि गिटार सुरू होण्याआधीच त्याने सुई उचलली. "उगीच झिजवायची नाही. बोल आता."

घोगऱ्या त्याच्याकडे पाहत राहिला. शाळेच्या दारात, न्यायला कोणी आलेच नाही अशा मुलाकडे पाहावे, तसा.

"आहे," तो म्हणाला. "फरक आहे."

"म्हणजे पुसलीस."

"हो."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. मीच. चुकलं माझं."

जिंकल्यावर जो आनंद व्हायला हवा होता, तो सुईला शोधूनही सापडला नाही. त्यामुळे तो आणखीच कडू झाला. उजवीकडच्या ढिगातून त्याने हाताला लागेल तो अल्बम काढला आणि अकरांवर आपटला.

"हे घ्या, बाई, तुमचे बारा."

बाईंनी पाठींवरची नावे वाचली. "सर, एक विचारू? हे सगळेच जरा... खालच्या सुरातले, अंधारे आहेत. असं का?"

"काळाने गाळून उरतं ते असंच असतं."

बाईंनी मान डोलावली, रेकॉर्डी पिशवीत भरल्या आणि कोणाकडेही न पाहता त्या बाहेर पडल्या.

"तुझंही घेऊन जा," सुई घोगऱ्याला म्हणाला. "जागा अडवतंय."

घोगऱ्याने नवी प्रत काखेत घेतली. दारापाशी तो ताईला हळू आवाजात काहीतरी म्हणाला. सुईला फक्त ओठ हललेले दिसले. मग तो रस्त्यावर उतरला आणि पलीकडच्या गर्दीत मिसळून गेला. तो मागे वळेल, असे सुईला वाटले होते.

"काय म्हणत होता?" त्याने विचारले.

ताई कप उचलत होती. "सांगू नका म्हणाला मला."

"तरी?"

"बटणाचं तुला सांगू नका म्हणाला."

"कसलं बटण?"

ताईने कप खाली ठेवला. या वेळी ती ओरडली नाही. त्याच्या अगदी जवळ आली, दोन्ही दंड धरून तिने त्याला यंत्राकडे वळवले आणि बोट दाखवले.

आवाजाचे बटण शून्यावर होते. रागाच्या भरात ते वर आणायचे राहून गेले होते. जुनी रेकॉर्ड फिरली होती, पण त्या दुकानात काहीच वाजले नव्हते.

"पण तो तर हो म्हणाला," सुई म्हणाला. "पुसली म्हणाला."

"म्हणाला खरा."

"का म्हणाला?"

"हे तू मला विचारतोस?"

त्याने सुई पुन्हा खाचेत टेकवली. बटण हळूहळू वर आणले, नेहमीच्या खुणेपर्यंत, मग तिच्याही पुढे. रेकॉर्ड फिरत होती. ताईने कपाळाला आठ्या घातल्या आणि कानांवर हात नेले, मग भावाकडे पाहून ते खाली घेतले.

"लागली?" त्याने विचारले.

"केव्हाची."

तो वाकला. स्पीकरच्या जाळीला त्याने कान लावला. आधी एक, मग दुसरा. जाळी गालाखाली बारीक थरथरत होती. बऱ्याच वेळाने गिटारच्या जाड तारा आल्या, मग घोगऱ्याचा तरुण आवाज, आणि त्याच्याभोवती, जिथे ती खोली असायला हवी होती तिथे, काहीच नव्हते.

वायर कुठेतरी ढिली असेल, असे म्हणायला त्याने तोंड उघडले. ताई वाट पाहत होती. त्याने ते मिटून घेतले.

रेकॉर्ड चांगली होती. स्पीकर चांगले होते. सुई नवी होती. त्याचे कान गेले होते.