ब्याऐंशी अंश

"दाजी, तो चहा पिऊ नका. त्यात सेन्सर आहे."

दाजींनी ओठांपर्यंत नेलेला ग्लास खाली घेतला आणि आत डोकावून पाहिलं. चहाच्या तळाशी खरंच एक पितळी सेन्सर बसला होता. त्याच्या दोन वायरी बाहेर येऊन मीटरला जोडलेल्या होत्या.

"उकडतोयस का त्याला?"

"तपासतोय. चहा निवेल तसा आकडा हलायला पाहिजे. हलतोय. चांगला आहे."

"मग झालं की!"

"कसलं झालं? हा तिसरा. तिन्ही चांगले आहेत."

जुन्या पोकलेनांच्या त्या आवारात कोडवाल्याला बाकी सगळ्याचं उत्तर यायचं, पण चांगल्या सेन्सरचं काय करायचं हे येत नव्हतं. वीस वर्षं तो एकच काम करत होता. खोदून दमलेली मशिनं विकायला आली की पडद्यावरचा कोड वाचायचा आणि कोण रडतंय ते सांगायचं. दहातल्या नऊ वेळा इंजिन ठणठणीत असे आणि सेन्सरच रडका निघे. त्यामुळे "सेन्सर असेल, बाकी काही नाही" हे वाक्य त्याच्या तोंडात कायमचं मुक्कामाला आलं होतं. भाचीला गणितात कमी गुण पडले, सेन्सर असेल. वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हाही तो हेच म्हणाला होता. ते अपचन निघालं, आणि घरात त्या वाक्याची पत भलतीच वाढली.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. एकोणीस वर्षं दुसऱ्यांची मशिनं चालवून वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते आज स्वतःचं मशीन घेत होते. चार वाजता ट्रेलर येणार होता. दाजी सकाळी आठलाच येऊन बसले होते, बगलेत ताईने शिवलेली उशी घेऊन. ती ड्रायव्हरच्या सीटसाठी होती. अडलं होतं ते एका लाल दिव्यावर. कोड एकशे दहा: इंजिनच्या पाण्याचं तापमान, आकडा हलत नाही.

चौथा सेन्सर आणण्याऐवजी कोडवाला मशीनखाली शिरला आणि वायर हाताने चाचपत निघाला. पंख्याच्या मागे, जिथे कुणी बोट घालत नाही, तिथे काळ्या टेपची एक गाठ लागली. टेपचं टोक आतल्या बाजूला दुमडलेलं होतं, पुढच्या माणसाला नखाने सोडवता यावं म्हणून. अशी पुढच्याची काळजी करणारा सगळ्या आवारात एकच माणूस होता. तो सध्या मशीनखाली उताणा पडला होता.

गाठीत तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टन्स निघाला. सेन्सरचं कनेक्शन तोडून त्याच्या जागी हा बसवला की कॉम्प्युटरला वाटतं, पाणी कायम ब्याऐंशी अंशावर आहे. आग लागली तरी ब्याऐंशी. सहा वर्षांपूर्वी आवाराचे मालक, शेठ, म्हणाले होते, "नवा सेन्सर येईपर्यंत दोनच दिवस." सेन्सर आला तोवर मशीन विकलं गेलं होतं. सहा वर्षं ते बिचारं ब्याऐंशीवर जगलं. गेल्या महिन्यात ते परत आवारात विकायला आलं तेव्हा त्याला दुसरा कॉम्प्युटर बसवला, तो स्वभावाने संशयी निघाला.

कोडवाला बाहेर आला. "दाजी, हात लावून बघा." त्याने किल्ली फिरवली, इंजिन सुरू न करता. पडद्यावर आकडा आला: ब्याऐंशी.

"कालपासून बंद आहे हे. तरी ब्याऐंशी."

दाजींनी बॉनेटवर तळहात ठेवला. लोखंड थंडगार होतं. एकोणीस वर्षं मशीन चालवलेला तो हात तिथून बराच वेळ हलला नाही.

"ऊब धरून ठेवतं," दाजी म्हणाले.

पुढचं कोडवाल्याने बोलून नाही, करून दाखवलं. रेझिस्टन्स कापला, तिघांतला एक नवा सेन्सर बसवून जोडला. आकडा एकतीस झाला. सहा वर्षांत मशीन पहिल्यांदा खरं बोललं. मग आवाराच्या मागच्या खड्ड्यावर त्याला कामाला लावलं. प्रत्येक गिऱ्हाईक तो खड्डा खोदून बघे आणि पुढच्यासाठी बुजवून ठेवे. खोदून खोदून तिथली माती मऊ पिठासारखी झाली होती. दाजी उशीवर बसून असे काही खोदत होते की जणू खाली कुणी वाट बघतंय. पंचवीस मिनिटांनी शहाण्णव. चाळिसाव्या मिनिटाला एकशे सहा, आणि मशीन कर्कश ओरडायला लागलं. रेडिएटरच्या वरच्या टाकीत बुडबुडे फुटत होते.

"बंद करा!" कोडवाला ओरडला. "तडा गेलाय. इंजिनच्या पोटात. हे उघडलं तर परत मिटायचं नाही. नका घेऊ, दाजी."

दाजी खाली उतरले. "तू हात लावायच्या आधी ब्याऐंशी होतं."

"ते खोटं होतं. मीच लावलं होतं ते, सहा वर्षांपूर्वी. या हातांनी."

"मग परत लाव."

"अहो, हा सेन्सर नाहीये!"

"जन्मभर सेन्सर, सेन्सर करत आलास. आज माझं मशीन आलं तर सेन्सर नाही?"

शेठ ऑफिसच्या दारातून हे ऐकत होते. "मी काही बोलणार नाही," ते म्हणाले. "घरातला मामला आहे."

"दाजी, पाया पडतो तुमच्या."

"ऐक माझं." दाजींचा आवाज एकदम खाली आला. "नोकरी सोडून, साहेबाच्या टेबलावर त्याच्या मशीनच्या किल्ल्या ठेवून आलोय. सगळ्यांच्या देखत. पोरांनी हार घातला मला. आता काय परत जाऊन त्या उचलू? हार कुठे ठेवू?"

कोडवाल्याने लॅपटॉप मिटला.

"तू नको लावू, मी लावतो," दाजी म्हणाले. "दोन वायरी तर आहेत." आणि उशी बाजूला ठेवून ते खरोखरच मशीनखाली शिरले. आपलं मशीन घेणारा माणूस आपल्यालाच फसवायला उताणा झोपला आणि त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत राहिले.

कोडवाला दहा मिनिटं पाठ करून उभा राहिला. मग वाकून पाहिलं. दाजींनी कापलेला रेझिस्टन्स मध्ये धरून तारा नुसत्या पिळून ठेवल्या होत्या, उघड्या, एकीला एक चिकटायच्या बेतात. जोड कच्चा होता. इतर सगळं त्याला बघवलं असतं, कच्चा जोड बघवेना.

"सरका," तो म्हणाला.

त्याने तारा सोलल्या, झाळल्या, वेगवेगळ्या गुंडाळल्या, आणि टेपचं टोक आत दुमडलं. मग लॅपटॉप जोडून कोड पुसला. दिवा विझला.

"दोन-चार दिवसांत परत लागेल," तो म्हणाला.

"लागला तर सेन्सर असेल," दाजी म्हणाले. "बाकी काही नाही."

दोघंही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"दर तासाला बंद करत जा. बॉनेटला हात लावून बघत जा, दाजी. पडद्याकडे बघू नका."

"हो रे." मशीन ट्रेलरवर चढलं तेव्हा दाजी उशी नीट करून ताठ बसले होते. उतरायला सांगितलं तरी फाटकापर्यंत ते कॅबिनमध्येच बसून गेले. इंजिन बंद होतं. काचेआड हिरवा आकडा दिसत होता.

फाटक लागलं आणि फोन वाजला. ताई होती.

"निघाले का? आणि मशीन कसंय रे? सकाळी म्हणाले, दिवा लागतोय म्हणून. मला मेलीला उगाच धडधडतंय."

कोडवाल्याने खिसा चाचपला. उरलेले दोन नवे सेन्सर तिथेच होते.

"सेन्सर होता, ताई," तो म्हणाला. "बाकी काही नाही."

"बघ! तरी मी म्हणत होते." ती मोकळं हसली आणि तिने फोन ठेवला.

त्याने नवा चहा मागवला. आल्यावर त्यात एक सेन्सर सोडला, वायरी मीटरला जोडल्या आणि समोर बसला. आकडा सरसर वर गेला, थांबला, आणि मग चहा निवत गेला तसा एकेक अंश प्रामाणिकपणे खाली येत राहिला. चहा पूर्ण गार होईपर्यंत तो बघत बसला.