सुनेची परवानगी

मी डॉक्टर शर्वाणी, एक नंबरची दीडशहाणी. जानेवारी २०२१, डब्लिनचं आमचं हॉस्पिटल कोविडने गच्च, नातेवाइकांना आत बंदी. मात्र्योना आजींचा ऑक्सिजन उतरत चालला होता. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे आजींनी ठरवायचं होतं.

आजी सायबेरियातल्या एवेंकी, रेनडिअर पाळणाऱ्या लोकांतल्या. मुलगा वारल्यावरही डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला सुनेकडेच राहिल्या. सून लारिसा मात्र रशियन. आजींना इंग्रजी येत नव्हतं, पण रशियन चांगलं येत होतं.

"रशियन दुभाषी अर्ध्या तासात फोनवर येईल," नर्स ग्रोन्या म्हणाली. "थांबू या?" अर्धा तास निघण्यासारखा होता.

"कशाला? सून आहे ना फोनवर," मी खेकसले. सोलापूरच्या हॉस्पिटलात मी हेच करायचे. म्हाताऱ्या माणसाला कोण विचारतं? मुलाला नाहीतर सुनेला बाहेर बोलवायचं आणि सही घ्यायची.

"लावा," लारिसा म्हणाली. "त्या जंगलातल्या, त्यांना मशीन काय कळणार? त्यांचं सगळं मीच ठरवते." मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी गुंगीचं इंजेक्शन उचललं तसा आजींनी मास्क सरकवला, माझं मनगट घट्ट धरलं आणि फोनकडे बघत धापा टाकत काहीतरी सांगितलं. काय म्हणतात, मी विचारलं. "घाबरल्यात. तुम्ही लावा," लारिसा म्हणाली. मी व्हेंटिलेटर लावला.

अकराव्या दिवशी आजी गेल्या. कपड्यांची पिशवी न्यायला लारिसा आली. मी ती पार्किंगमध्ये नेऊन दिली, तशी लारिसा भिंतीला टेकून रडायलाच लागली.

"त्या घाबरल्या नव्हत्या. म्हणाल्या, नऊ वर्षांची होते, तुम्ही रशियन लोकांनी आईला न विचारता हेलिकॉप्टरमध्ये घालून वसतिगृहाच्या शाळेत नेलंत. आता तरी मला विचारा. नळी नको. बोलता बोलता जाऊ द्या." तिने नाक पुसलं. "माझी आजी त्याच शाळेत बाई होती. मुलं आपल्या भाषेत बोलली की मारायची. पण मला सासूबाई हव्या होत्या हो, डॉक्टर. माझं इथे दुसरं कुणी नाही."

मला तिचा भयंकर राग आला, आणि त्याहून माझा.

"त्या बेशुद्ध असताना ग्रोन्या रोज त्यांच्या कानाला फोन लावायची," ती म्हणाली. "मी रशियनमध्येच माफी मागत होते, मला त्यांची भाषा कुठे येते? त्यांना ऐकू येत होतं का?"

मला माहीत नव्हतं. तिला बरं वाटावं म्हणून हो म्हणण्याची माझी लायकी उरली नव्हती.