सीटखालची मूठ

मनस्वीच्या डर्ट बाइकला सीटखाली लोखंडी मूठ वेल्ड केली ती तिच्या भावाने, प्रविणने. बाइक हवेत असताना हॅंडल सोडायचं, ती मूठ पकडून अंग मागे लांबवायचं आणि चाकं टेकायच्या आत परत सीटवर यायचं, अशी तिची उडी. जिते गावातल्या घराच्या अंगणात त्याने हात शिरेल एवढं बाजूचं प्लॅस्टिक कापलं, सीटचा फोम तासला, शॉकअप कडक केले. मूठ लावल्यापासून मात्र त्याला जेवण जात नव्हतं. कंपनीत तो रोज वेल्डिंग करायचा, पण तिथल्या पाइपांना बहीण लटकत नव्हती.

रोह्याजवळच्या मोकळ्या शेतात शो होता. सकाळच्या सरावात मनस्वीने मूठ धरून एक उडी मारली. बाइक खाली आली तेव्हा प्रविणला टक्‌ असा आवाज आला.

"मने, थांब. काहीतरी वाजलं."

"प्लॅस्टिक असंल रे दादा."

त्याने सीटखाली बोट फिरवलं. हाताला काही लागेना. तेवढ्यात स्पीकरवर तिचं नाव पुकारलं. तिने हेल्मेट चढवून किक मारली, तसा प्रविणने वाकून प्लगची कॅपच ओढून काढली. बाइक बंद पडली.

"येडा झालायस काय? घरात सगळी नको म्हणत होती, तू एकटा व्हय म्हणालास. आणि आता तूच?"

"सीट काढू दे. मग काय बोलायचं ते बोल."

बोल्ट फिरवताना त्याचा पाना दोनदा सटकला. सीट निघाली. वेल्डिंग जसंच्या तसं दिसत होतं.

"बघितलंस? काय नाय झालं."

प्रविणने पेट्रोलच्या फडक्याने माती पुसली, मोबाइलची बॅटरी धरली. वेल्डिंगच्या टाक्याच्या कडेला केसाएवढी रेघ होती. त्याने मुठीत पाना अडकवून जोर दिला आणि मुठीचं एक टोक सुटून वर आलं.

मनस्वीने ते टोक बोटाने हलवून पाहिलं. "वरती असताना सुटलं असतं तर..."

"पाइप पातळ म्हणून मी करंट कमी ठेवला," प्रविण म्हणाला. "टाका आत धरलाच नाय. चूक माझी. चल घरी."

ती खाली मातीत बसली. मग म्हणाली, "ग्राइंडर आणलास ना? कापून टाक मूठ. मी हात हॅंडलवर ठेवून दुसरी उडी मारते. साधी."

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. पण तिच्याकडे बघून त्याने स्पीकरवाल्याला तिचं नाव शेवटी घ्यायला सांगितलं आणि त्याच्याच जनरेटरवर ग्राइंडर लावला. मूठ कापली, फ्रेमचा सांधा न् सांधा पुसून पाहिला, बोल्ट पुन्हा पुन्हा आवळले.

उडीच्या वेळी तो बाइक आणलेल्या टेंपोकडे तोंड करून उभा राहिला. इंजिनचा आवाज चढत गेला, मग नुसतीच हवा ऐकू आली. चाकं मातीवर आदळली, माणसं ओरडली, आणि इंजिन चालू असल्याचं ऐकल्यावरच तो वळला.

मनस्वी जवळ आली, ग्लोव्हज काढले. ते त्याच्या हातात दिले. "दुसऱ्या फेरीतून नाव काढ माझं."

बाइक टेंपोत चढवून दोघं निघाली. वडखळ मागे पडलं.

"घरी काय सांगायचं?" तिने विचारलं.

"जे झालं ते."

"मग परत जाऊ देतील?"

प्रविणने गियर बदलला. आपण स्वतः तरी तिला जाऊ देऊ का, हे त्याला कळत नव्हतं.