मांडवाचे डहाळे

लग्नाचा खर्च बसवताना शालननं आधी कापडी मांडवालाच कात्री लावली. लग्न देवळापुढं, पंगतीला आमटी-भात आणि बुंदी. भाजे लेण्यांच्या वाटेवर शनिवार-रविवारी भजी तळून जे गाठीला होतं, त्यात एवढंच बसत होतं.

लेक, अपेक्षा, कशालाच नको म्हणाली नाही. फक्त एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "आये, हळद तेवढी आपल्या दारात लाव. डहाळ्यांच्या सावलीत."

मागणं तेवढंच. जांभळी-उंबराच्या पाल्याला काय पैसे पडतात? पण मांडवाचे डहाळे आणायचे भावकीनं, आणि आणणाऱ्याला टॉवेल-टोपी देऊन मान करायचा, ही रीत. धनी गेल्यापासून शालन दुसऱ्यांच्या मांडवात मागच्या रांगेत बसायची. आता आपल्या दारी माणसं बोलवायची आणि तशीच परत पाठवायची, हे तिच्या जिवाला मानवेना. तिनं कुणाला सांगितलंच नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी मायलेकी कोयता घेऊन ओढ्याला गेल्या. डहाळे तोडले, भारे बांधले, डोक्यावर घेतले. चालता चालता शालनच्या ओठांवर आलं,

*जांभळीच्या डहाळ्या, दारी सावली तू धर*
*लेक माझी गं पाहुणी, दोन दिसांची घरभर*

वळणावर भावकीतले थोरले कोंडाजी आबा म्हशी घेऊन येत होते. ते थांबलेच.

"नवरीबाई, हे काय डोक्यावर?"

"मांडवाचे डहाळे, आबा."

"तूच आणतीस? मग लग्नात मंगलाष्टकंबी तूच म्हण."

अपेक्षा भाऱ्याखाली हसली. शालन हसली नाही. खाली बघत म्हणाली, "टॉवेल-टोपी जमायची न्हाई, आबा. म्हणून कुणाला बोलले न्हाई."

आबांनी म्हशी घराच्या वाटेला लावल्या. मग डोक्यावरची टोपी काढून त्यांनी शालनच्या हातात दिली, अपेक्षाचा भारा आपल्या डोक्यावर घेतला आणि चालू लागले. टोपीचं काय करायचं, शालनला कळेना. ती मागं मागं गेली.

दारात भारा उतरवून आबांनी मान वाकवली. "दे आता."

शालननं त्यांची टोपी त्यांच्याच डोक्यावर ठेवली.

"झाला माझा मान. सकाळी बाकीचे येतील."

"त्यास्नी कुटनं देऊ?"

"आपापली आणतील की."

सकाळी वरच्या आळीतून भावकी आली. खांद्यावर डहाळे, हातात टोप्या, डोकी उघडी. शेजारची झुंबरबाई उंबऱ्यातून म्हणाली, "भावकीत केस किती जणांना हायती, ते आज कळलं." शालन एकेक टोपी घ्यायची, झटकायची, तिला कुंकवाचं बोट लावायची आणि ज्याची त्याच्या डोक्यावर ठेवायची. कारखान्यात जाणाऱ्या जानूकडं टोपीच नव्हती. त्यानं कामावरचं पिवळं हेल्मेट आणलं. तेही तिनं तितक्याच मानानं ठेवलं.

दुपारपर्यंत दार हिरवंगार झालं. पाल्यातून उन्हाचे ठिपके अपेक्षाच्या पिवळ्या हातांवर हलत होते. बायका हळद लावत होत्या, शालन सवयीनं मागंच उभी होती.

"आये," अपेक्षानं गाल पुढं केला.

झुंबरबाई सरकून बसली. शालन पुढं आली आणि तिनं वाटीत बोटं बुडवली.