थोरल्या सुनांचा तक्ता

मंगळवारी सकाळी अकरा वाजता दुलात सेयितोविच यांनी तोगझानच्या प्रबंधातल्या सातव्या तक्त्यावर पेन्सिलने आडवी रेघ मारली. ते राजधानीहून आलेले बाहेरचे परीक्षक होते. मंत्रालयाच्या लोकसंख्या विभागात त्यांची हयात गेली होती. रेघ मारून झाल्यावर त्यांनी पेन्सिल तक्त्याशेजारी सरळ ठेवली आणि वर पाहिलं.

"वयं लिहिताना गडबड झालीय," ते म्हणाले. "सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या बायकांना इतकी मुलं होत नाहीत. एवढा तक्ता काढून टाका. बाकीचं काम उत्तम आहे. आजच पदवी घेऊन घरी जा."

"वयं बरोबर आहेत, सर," तोगझान म्हणाली. "मुलंही बरोबर आहेत. आया चुकल्यात."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. तिच्या मार्गदर्शक रायखान बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. विद्यार्थी बरं बोलू लागला की त्या चष्मा पुसत.

तोगझान भिंतीवरच्या आलेखाकडे वळली. सिरदर्या नदीकाठच्या गावांतल्या जन्मांचा तो आलेख होता: एक रेघ थोरल्या सुनांची, एक धाकट्यांची. दोन वर्षं ती या विद्यापीठात लोकसंख्याशास्त्र आणि विकासाची धोरणं शिकत होती, आणि त्यातलं अख्खं एक वर्ष या दोन रेघांवर गेलं होतं.

"धाकट्या सुनेला लग्नानंतर दीड वर्षात मूल होतं," ती म्हणाली. "थोरलीला चार वर्षांनी. गाव तेच, पाणी तेच, दवाखाना तोच. मग उशीर थोरलीलाच का? आणि ज्या घरात थोरलीचं पहिलं मूल सापडत नाही, नेमकं त्याच घरात सासूच्या नावावर एक शेंडेफळ आहे."

सभागृहात कोणालाच याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. थोरल्या मुलाचं पहिलं मूल आजी-आजोबा आपलं म्हणून घेतात. ते मूल आजीला आई म्हणतं, जन्मदात्या बापाला दादा आणि जन्मदात्रीला वहिनी. सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. सुनेनं सासूसमोर त्या मुलाला जवळ घेणंही बरं दिसत नाही.

"आजीनं वाढवणं मला शिकवू नका," दुलात सेयितोविच म्हणाले. "मी स्वतः आजीच्या मांडीवर वाढलोय. पण म्हणून माझ्या आईनं जनगणनेत मला गाळलं नाही."

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

दुलात सेयितोविच यांनी पेन्सिल उचलली, पुन्हा ठेवली.

प्रश्न फक्त पदवीचा नव्हता. याच आकड्यांवरून मंत्रालय जिल्ह्याच्या गावी उतारवयातल्या बाळंतपणांसाठी खास कक्ष बांधणार होतं. तोगझानची शिफारस उलट होती. त्या वयाच्या बाळंतिणी फारशा नाहीतच, असं तिचं म्हणणं होतं. एकोणीस-वीस वर्षांच्या पहिलटकरणी आहेत, त्या आकड्यांतून गळाल्यात, आणि गळाल्या म्हणून गावात त्यांच्यासाठी नर्स नाही. सातवा तक्ता गेला तर शिफारसही जाणार होती.

"तुमचं म्हणणं ऐकायला सुंदर आहे," परीक्षक म्हणाले, "पण ही सगळी वजाबाकी आहे. मला एक बाई दाखवा, जिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. एक तरी आहे तुमच्याकडे?"

तोगझाननं पाण्याचा पेला उचलला, पण प्यायली नाही. शेवटच्या रांगेत पांढरा रुमाल बांधलेल्या कुल्याश अपा ताठ बसल्या होत्या. कझाली शहराजवळच्या गावाहून एक दिवस आणि एक रात्र आगगाडीत काढून त्या आल्या होत्या, लेकीचा मोठा दिवस पाहायला. शेजारी त्यांची थोरली सून शोल्पान होती, मांडीवर खाऊची पिशवी घेऊन. शोल्पाननं विसाव्या वर्षी तोगझानला जन्म दिला होता. तोगझान तिला वहिनी म्हणायची. कुल्याश अपांना ती आई म्हणायची.

"आहे," तोगझान म्हणाली. "पण सांगायची परवानगी नाही मला."

"कोणाची परवानगी लागते?"

तिनं पेला खाली ठेवला.

कुल्याश अपांना जरा कमी ऐकू येई. त्यामुळे त्यांचं कुजबुजणंही सभागृहभर पोचलं. "काय विचारतोय गं तो टकलू? पोरगी गप्प का झाली?"

शोल्पान त्यांच्या कानाशी वाकली. ती काय म्हणाली ते कोणाला ऐकू आलं नाही. अपांनी हात मांडीवरून उचलून रुमालाची गाठ पुन्हा आवळली.

परीक्षक मंडळ दार लावून बसलं. बाहेर आल्यावर रायखान बाईंनी निर्णय वाचला. प्रबंध उत्तम आहे, पदवी तूर्त राखून ठेवली आहे. येत्या सोमवारी पहिल्या वर्षाचे विद्यार्थी त्याच गावांत सरावाच्या पाहणीला जातील आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या चाळीस घरांतल्या थोरल्या सुनांना एकच प्रश्न नव्यानं विचारतील: पोटी आजवर किती मुलं जन्मली? प्रत्येकीला एकटीला विचारायचं. आकडा बदलला तर तक्ता राहील. नाही बदलला तर रेघ राहील. त्याच आठवड्यात शुक्रवारी निकाल.

मग बाईंनी तिला खिडकीशी नेलं.

"तुझं घर त्या चाळिसांत निघालंय. मी मुद्दाम काढलेलं नाही."

"माझं घर वगळा, बाई."

"का? तिथली थोरली सून काय सून नाही? चिठ्ठीत आलं ते आलं. पण तू उत्तर बघायचं नाहीस, आधी सांगायचं नाहीस, नंतर विचारायचं नाहीस. तुला फक्त चाळीस घरांची बेरीज मिळेल." बाईंनी तिच्या दंडाला हात लावला. "त्यांना 'विचारलंत का' म्हणालीस ना, तेव्हा मी तिथंच तुला पदवी देऊन टाकली होती. पण माझ्या एकटीच्या देण्याला काय किंमत?"

एवढ्यात मागून खाऊच्या गोळ्यांचा सडा पडला. कुल्याश अपांनी पिशवीत हात घालून रंगीत कागदातल्या गोळ्या मूठमूठ भरून उधळायला सुरुवात केली होती, लग्नात नवरीवर उधळतात तशा. विद्यार्थी वाकून वेचू लागले.

"आई, निकाल कुठे लागलाय अजून!"

"तो त्यांचा लागायचाय. माझ्या पोरीनं अख्ख्या मंत्रालयाला गप्प केलं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. शुक्रवारपर्यंत कोण थांबतंय?"

एक गोळी दुलात सेयितोविच यांच्या खांद्यावर आपटली. त्यांनी ती खाली पडू न देता पकडली.

"नेम चांगला आहे, अपा."

"जन्मभर मेंढरं वळलीयत. कोणतं कुठे वळवायचं ते कळतं मला."

त्यांनी ती गोळी खिशात टाकली आणि या वेळी तेही हसले.

शोल्पान भिंतीशी उभी होती. तोगझानच्या बाहीला खडूची पूड लागली होती. शोल्पाननं हात पुढे केला, अपांकडे पाहिलं आणि स्वतःचीच स्वच्छ बाही झटकली.

"छान बोललात, वन्सं," ती म्हणाली.

संध्याकाळी स्टेशनवर शोल्पान बाटल्यांत पाणी भरायला गेली, तेव्हा अपांनी विषय काढला. तोवर त्या वाळवलेल्या दह्याची गोळी गालात घोळवत बसल्या होत्या.

"एकटीला विचारायचं म्हणजे काय? मी काय खाते त्या पोरींना?"

"नियम आहे, आई. सासू समोर असली की सून उत्तर देताना सासूकडे बघते."

"बघणारच. मान देते."

"म्हणूनच."

अपांनी गोळी दुसऱ्या गालात घेतली. "गेल्या वर्षी पाहणीवाल्या दोघी आल्या होत्या. चहा मीच देत होते. शोल्पानला विचारलं, मुलं किती? ती म्हणाली, तीन. माझ्या हातात तेव्हा चहाच्या सामोवाराची तोटी होती."

त्या तिनांत तोगझान नव्हती. तिनं अपांच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीची चेन ओढून बंद केली, जी आधीच बंद होती.

"घरी पाहुणा आलाय आणि सामोवारापाशी मी नाही, असं कधी झालंय?"

"नाही झालं."

"मग? गाव काय म्हणेल? कुल्याशच्या घरी सून चहा देते आणि म्हातारी कुठे उलथलीय?"

गाडी फलाटावर लागत होती. अपा उठल्या, तोगझानचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिचं कपाळ त्यांनी दीर्घ हुंगलं.

"माझ्या कुशीत वाढलीस तू. पहिला दात माझ्या बोटावर काढलास. खूण अजून आहे."

"माहितीय, आई."

"माहीत असू दे."

शोल्पान भरलेल्या बाटल्या घेऊन आली. अपांना आधार देऊन तिनं आधी वर चढवलं, मग स्वतः चढली. खिडकीच्या काचेआडून तिनं हात हलवला नाही. अपा मात्र गाडी वळेपर्यंत हलवत होत्या. शोल्पान त्यांच्या मागे उभी होती आणि काचेतून दिसत होती.

सोमवारी तोगझाननं घरी फोन केला नाही. ती विभागाच्या खोलीत बसून दुसऱ्या कोणाच्या तरी प्रबंधाची बेरीज तपासत राहिली. दुपारच्या सुमाराला कझालीच्या अनोळखी नंबरावरून फोन आला.

"मी उल्तायकडे आलेय," अपा ओरडून म्हणाल्या. उल्ताय ही त्यांची धाकटी बहीण, शहरात राहणारी. "सकाळच्या बसनं."

"का? तिला बरं नाही का?"

"तिला काय धाड भरलीय! उंटिणीच्या दुधाचं शुबात प्यायला ये म्हणाली होती."

"कधी म्हणाली होती?"

"दोन वर्षं झाली असतील. आज सवड मिळाली."

मागे उल्ताय मावशी मोठ्यानं हसत होती. तोगझान खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेली.

"निघताना पीठ मळून ठेवलंय," अपा पुढे म्हणाल्या. "शोल्पानला सांगितलं, पोरींना गरम बाउरसाक तळून दे, उपाशी नको जायला. सामोवारही घासून ठेवला. कोणी येऊन बघेल तर म्हातारीनं घर टाकलं असं म्हणायला नको."

"हो, आई."

"आणि हे बघ. तू कोणाची ते त्या पोरींनी ठरवायचं नाही."

"नाही, आई. त्या ते विचारतच नाहीत."

"मग ठीक आहे." पलीकडे पेला ठेवल्याचा आवाज आला. "जे विचारतात ते विचारू देत. रात्रीपर्यंत राहते मी इथे. गाडीच नाही लवकर."

कझालीहून गावाला दर तासाला बस आहे. तोगझाननं ते सांगितलं नाही.

साडेतीनला शोल्पानचा निरोप फोनवर उमटला. शोल्पान कधी निरोप पाठवत नसे. वन्संना काय लिहायचं ते तिला सुचत नसे. या वेळी दोन ओळी होत्या.

"पोरी येऊन गेल्या. चहा मीच दिला."

तोगझाननं उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं. नंतर विचारायचं नाही, असा रायखान बाईंचा नियम होता. शेवटी तिनं लिहिलं, "बाउरसाक कसे झाले?"

"फुगले चांगले," उत्तर आलं.

चाळीस घरांचे कागद गुरुवारी बंद पाकिटांतून विभागात पोचले. नावं काढून टाकलेली होती. बेरीज रायखान बाई आणि दुलात सेयितोविच मिळून करतील, असं ठरलं होतं. शुक्रवारी सकाळी दहा वाजता ते दोघं आत गेले आणि दार लागलं. कुल्याश अपांनी गोळ्यांची नवी पिशवी पोस्टानं पाठवली आहे. ती तोगझानच्या मांडीवर आहे, न फोडलेली. दार अजून उघडलेलं नाही.